दुर्गम वाडीवरचा संमिश्र वीजप्रकल्प कार्यान्वित करताना : पहिल्या मेगरपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वाड्यांवर आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात ऊन भरपूर असते, पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे दिसत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत ओढे भरून वाहतात व माळावर वारा उसळतो. म्हणून अशा ठिकाणी सौर पॅनेल, बॅटरी, ओढ्यावरचे छोटे जलविद्युत संच आणि अगदी अडीअडचणीला डिझेल जनरेटर यांची सांगड घालणे शहाणपणाचे ठरते. मात्र चार यंत्रे एका तारेवर जोडली की चारही यंत्रांचे स्वभाव एकमेकांत मिसळतात. एकेक यंत्र उत्तम चालत असूनही एकत्र आल्यावर गाव अंधारात जाते, असे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे. उभारणी संपणे आणि प्रकल्प कार्यान्वित होणे यांमध्ये जे काम असते, त्याला आपल्याकडे सहसा दोन दिवस दिले जातात आणि त्यातला एक दिवस उद्घाटनाच्या मांडवात जातो. निदान दहा दिवस हातात ठेवून आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा एक फेरी धरून हे काम कसे करावे, ते येथे क्रमाने लिहितो.

सोयीसाठी एक नमुना समोर ठेवू. चाळीस घरांची वाडी. ८ किलोवॅटचे सौर पॅनेल, म्हणजे ४०० वॅटची वीस पॅनेल, दहा-दहाच्या दोन माळांत जोडलेली. ४८ व्होल्ट आणि १००० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल ट्युब्युलर बॅटरी. बॅटरीतल्या डीसी विजेपासून गावाचे एसी जाळे स्वतः उभे करणारा ८ किलोवॅटचा बॅटरी इन्व्हर्टर. १० केव्हीएचा जनरेटर. आणि ओढ्यावर सुमारे ३ किलोवॅटचा जलविद्युत संच. हे आकारमान काल्पनिक असले तरी अवास्तव नाही. जुन्नर तालुक्यातील दरेवाडी येथे २०१२ साली पुण्याच्या ग्राम ऊर्जा या कंपनीने बॉश सोलरच्या साहाय्याने उभारलेले सौर सूक्ष्मजाल सुमारे ९.४ किलोवॅटचे होते आणि तेही चाळीसच्या आसपास घरांसाठी होते.

वीज नसताना करायची कामे

पहिली पायरी कागदाची आहे. जसे बांधले तसा एकरेषीय आराखडा (सगळी जोडणी एकेका रेषेने दाखवणारा नकाशा), प्रत्येक संरक्षक उपकरणाचा अँपिअर आकडा, आणि इन्व्हर्टर, चार्जर व जनरेटर नियंत्रक यांत कोणती मूल्ये भरायची याचा तक्ता हातात असल्याशिवाय एकही स्विच वर करू नये. आराखडा आणि प्रत्यक्ष जोडणी यांत फरक सापडतोच. तो लाल पेनाने तेथेच दुरुस्त करावा, कारण तीन वर्षांनी येणाऱ्या तंत्रज्ञाकडे दुसरा आधार नसतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ नुसार राज्य शासनाने अधिसूचित केलेल्या ग्रामीण क्षेत्रात वीज निर्माण करून तिचे वितरण करण्यासाठी परवाना लागत नाही. परंतु परवाना नाही म्हणजे सुरक्षेचे नियम नाहीत, असा अर्थ होत नाही. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार आधीच सुरू करावा, तपासणीच्या आठवड्यात नव्हे.

दुसरी पायरी अर्थिंगची, आणि येथे घाई महागात पडते. काळ्या बेसाल्ट खडकावर हातभर माती असते. कोकणाच्या बाजूला जांभा असतो. तेथे नळी ठोकून कोळसा-मीठ घातले की काम झाले, असे समजू नये. तीन खुंट्यांच्या पद्धतीने प्रत्यक्ष प्रतिरोध मोजावा : प्रवाहाची खुंटी शक्य तितकी लांब, निदान ३० मीटरवर, आणि व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर. व्होल्टेजची खुंटी थोडी पुढे-मागे करूनही आकडा जवळपास तोच आला, तरच त्यावर विश्वास ठेवावा. हे मोजमाप एप्रिल-मेमध्ये घ्यावे, कारण ओल्या जमिनीत कोणतेही अर्थिंग चांगलेच दिसते. यंत्रघराचा प्रतिरोध कमी आणण्यासाठी खड्डे वाढवून ते पट्टीने जोडता येतात. घराघरांत मात्र खडकामुळे शे-दोनशे ओहमच्या खाली जाणे कित्येकदा शक्य नसते. तेथे खरा रक्षक म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा प्रवाह ओळखून वीज आपोआप तोडणारा स्विच. धोक्याची मर्यादा ५० व्होल्ट धरली तर हिशेबाने दीड हजार ओहमच्या अर्थिंगवरही तो वेळेवर सुटतो. म्हणूनच घराघरातला आरसीसीबी काटकसरीत कापू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन पॅनेल कमी बसवावीत, पण तो ठेवावा.

तिसरी पायरी घट्टपणाची. प्रत्येक लग (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) नीट दाबलेला आहे का आणि प्रत्येक बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळला आहे का, हे टॉर्क पान्याने तपासून बोल्टवर रंगाची रेघ ओढावी. बॅटरीजवळ काम करताना अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे आणि दांड्यावर आवरण असलेले पानेच वापरावेत. ४८ व्होल्टचा धक्का बसत नाही, या समजापायी लोक निष्काळजी होतात, पण त्या बॅटरीवर पडलेला उघडा पाना क्षणात लालभडक होतो.

पॅनेलच्या माळा

चौथी पायरी सौर माळांची. आधी ध्रुवता, मग खुल्या परिपथाचे व्होल्टेज, मग प्रवाह, मग मेगर (तारांच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र), हा क्रम मोडू नये. आपल्या नमुन्यात एका पॅनेलचे खुले व्होल्टेज ४९.५ धरले तर दहा पॅनेलच्या माळेचे २५ अंशांना ४९५ व्होल्ट होते. दुपारी पॅनेलच्या आतले तापमान ६० अंशांवर जाते आणि दर अंशाला सुमारे ०.२८ टक्के घट धरली तर मीटरवर साधारण ४४६ व्होल्ट दिसायला हवेत. येथे आकड्याशी बोलायला शिकावे. ४०० च्या आसपास दिसले, तर एक पॅनेल माळेत जोडलेच गेलेले नाही. दोन माळांत पंधरा-एक व्होल्टचा फरक असेल, तर एखाद्या पॅनेलचा एक बायपास डायोड (अडलेल्या भागाला वळसा देऊन प्रवाह नेणारा घटक) निकामी होऊन पॅनेलचा एक-तृतीयांश भाग गप्प बसला आहे. दोन्ही माळा एकाच उन्हात, पाच मिनिटांच्या आत मोजल्या तरच ही तुलना खरी.

मेगरचे व्होल्टेज माळेच्या व्होल्टेजवरून ठरते. खुल्या व्होल्टेजची सव्वापट ५०० च्या वर जात असल्याने (येथे सुमारे ६१९) आयईसी ६२४४६ या मानकाप्रमाणे चाचणी १००० व्होल्टवर घ्यावी आणि निदान १ मेगाओहम मिळावा. ही चाचणी एकदा दुपारी आणि एकदा दवाने पॅनेल ओले असताना सकाळी घ्यावी. दुपारी उत्तीर्ण आणि सकाळी अनुत्तीर्ण होणारी माळ म्हणजे सोललेली केबल किंवा नीट न बसलेला जोड. पावसाळ्यात नेमकी तीच इन्व्हर्टर बंद पाडते. आणि एक गोष्ट चालकाला पहिल्याच दिवशी शिकवावी : पॅनेलचे जोड प्रवाह वाहत असताना कधीही ओढून सोडवू नयेत. डीसी ठिणगी आपोआप विझत नाही. आधी आयसोलेटर (परिपथ तोडणारा स्विच), मग जोड.

बॅटरी : आकडा स्वतः काढावा

पाचवी पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत अधिक वगळली जाणारी आहे. बॅटरीवर छापलेली क्षमता म्हणजे उत्पादकाचे वचन. ते तपासल्याशिवाय स्वीकारू नये. प्रारंभिक चार्जिंग उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणे पूर्ण करावे, प्रत्येक सेलचे व्होल्टेज व त्यातल्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व लिहून काढावे. हे गुरुत्व मोजणाऱ्या हायड्रोमीटरचे वाचन २७ अंशांना लागू असते. त्याहून प्रत्येक अंश जास्त असेल तर ०.०००७ मिळवावेत, कमी असेल तर वजा करावेत.

मग दहा तासांची क्षमता चाचणी. १००० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून १०० अँपिअर दहा तास काढायचे, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूला सुमारे साडेचार किलोवॅटचा स्थिर भार हवा. त्यासाठी महागडी भारपेटी भाड्याने आणण्याची गरज नाही; पाण्याच्या पिंपात सोडलेले गीझरचे हीटर हे काम करतात, फक्त पाणी कमी होऊ देऊ नये, पिंपाला अर्थिंग असावे आणि त्याच्याजवळ मुले येणार नाहीत अशी दोरी बांधावी. दर तासाला सर्व चोवीस सेल मोजावेत. सेलमागे १.८५ व्होल्ट, म्हणजे एकूण ४४.४ व्होल्ट, या मर्यादेपर्यंत किती तास लागले, हीच तुमची खरी क्षमता. उत्पादकाच्या पत्रकात अंतिम व्होल्टेज वेगळे असेल तर ते धरावे. शेवटच्या दोन तासांत एखादा सेल इतरांना सोडून झपाट्याने खाली येतो. तो सेल हमीच्या काळातच बदलून घ्यावा, कारण एक दुबळा सेल वर्षभरात शेजाऱ्यांनाही घेऊन बुडतो.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी असेल तर हायड्रोमीटर नको, पण दुसरी काळजी हवी. ती अर्धवट चार्ज होऊन येते, आणि एकदा पूर्ण वर नेऊन सेल समान होईपर्यंत पडद्यावरच्या टक्केवारीला काही अर्थ नसतो. तिचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारा नियंत्रक) इन्व्हर्टरशी बोलतो आहे का, हे संदेशाची तार मुद्दाम काढून पाहावे. इन्व्हर्टरने इशारा देऊन सुरक्षित पातळीवर यायला हवे, जुन्याच आकड्यांवर चार्ज करत राहता कामा नये.

पहिल्यांदा वीज सोडताना

सहावी पायरी. क्रम असा ठेवावा : बॅटरी, मग बिनभाराचा इन्व्हर्टर, मग यंत्रघरातला एक दिवा, मग सौर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करून जाळ्यात सोडणारे यंत्र), मग जनरेटर, मग जलविद्युत संच आणि सर्वांत शेवटी गावाच्या वाहिन्या, एका वेळी एक. प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज, वारंवारता आणि प्रवाह नोंदवून मगच पुढे जावे. भाराखाली तासभर चालल्यावर सर्व जोडांवर तापमापक फिरवावा. शेजारच्या जोडापेक्षा दहा-पंधरा अंश गरम असलेला जोड रात्री बंद करून उघडावा.

यंत्रे एकमेकांना भेटतात तेव्हा

आता खरा गाभा. उभारणीच्या कंत्राटात ज्यांचे नावही नसते, अशा चार चाचण्या येथे आहेत.

पहिली चाचणी जादा उन्हाची. दुपारी बॅटरी भरलेली असते, गावात भार नसतो, आणि पॅनेल मात्र जोरात असतात. बॅटरी इन्व्हर्टर अशा वेळी जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झवरून वर चढवतो आणि तो इशारा समजून सौर इन्व्हर्टर आपले उत्पादन उतरवतो. पुष्कळ यंत्रांत ही उतरण ५१ ला सुरू होऊन ५२ ला शून्यावर येते. सौर इन्व्हर्टर कारखान्यातून शहरी जाळ्याच्या मांडणीत आला असेल, तर वारंवारता चढताच तो एकदम तुटतो, काही मिनिटांनी परत जोडला जातो आणि पुन्हा तुटतो. गावकरी सांगतात, "दुपारी दिवे लुकलुकतात." चाचणीसाठी बॅटरी ९५ टक्क्यांवर नेऊन पिंपातले हीटर लावावेत आणि ते एका झटक्यात बंद करावेत. उत्पादन सलग उतरले, बॅटरीचे व्होल्टेज मर्यादेखाली राहिले आणि दिवे स्थिर राहिले, तर उत्तीर्ण.

दुसरी चाचणी जलविद्युत संचासोबतची. ओढ्यावरून सेकंदाला २० लिटर पाणी ३० मीटरांवरून आले आणि एकूण कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर सुमारे ३.२ किलोवॅट मिळतात. या संचाचा भार नियंत्रक वारंवारता वाढली की जादा वीज हीटरमध्ये जाळतो. त्याची पातळी नेमकी ५० हर्ट्‌झवर लावलेली असेल, तर इन्व्हर्टरच्या किंचित चढ-उतारानेही हीटर पेटतो आणि बॅटरीतली वीज रात्रभर पाणी तापवण्यात जाते. सकाळी बॅटरी रिकामी, आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. एका पाड्यावर आम्ही तीन दिवस बॅटरी तपासत बसलो होतो आणि उत्तर ओढ्याकाठच्या हीटरच्या उष्ण हवेत होते. म्हणून उतरंड ठरवून लावावी : आधी, समजा ५०.३ ते ५०.८ च्या दरम्यान, हीटरने जादा वीज घ्यावी, आणि तीही पुरेनाशी झाली तर ५१ नंतर पॅनेलांनी माघार घ्यावी. हीटर शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीत असेल तर ही वीज वायाही जात नाही. पाण्याचा दरवाजा अचानक उघडून आणि बंद करून दोन्ही दिशांची चाचणी घ्यावी.

तिसरी चाचणी न्यूट्रल आणि अर्थ यांच्या जोडाची. कोणत्याही क्षणी हा जोड जाळ्यात एकाच ठिकाणी असायला हवा. इन्व्हर्टर जाळे चालवत असेल तेव्हा जोड त्याच्या बाजूला. जनरेटर सुरू झाला की इन्व्हर्टरचा जोड सुटून जनरेटरचा लागतो, किंवा एक कायमचा जोड ठेवून बाकीचे काढलेले असतात. पद्धत कोणतीही असो, तपासणी सोपी आहे. इन्व्हर्टरवर आणि जनरेटरवर, दोन्ही वेळी न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजावे. ते शून्याजवळ हवे. नव्वद-शंभर व्होल्ट दिसले तर जोडच नाही, आणि त्या अवस्थेत फेज अर्थला लागला तरी आरसीसीबी सुटणार नाही, म्हणजे संरक्षण केवळ दिखाऊ आहे. मग अर्थच्या तारेभोवती क्लॅम्प मीटर लावावा. तेथे सतत प्रवाह असेल तर जोड दोन ठिकाणी आहे आणि आरसीसीबी विनाकारण सुटत राहतील. लोक कंटाळून त्यांना बायपास करतात आणि तेथून अपघाताची वाट सुरू होते. जोड बदलताना दोन्ही स्रोत पूर्ण बंद करून कुलूप लावावे.

चौथी चाचणी लघुपरिपथाची. महावितरणच्या रोहित्राशेजारी तारा एकमेकींना लागल्या तर शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप तुटणारा स्विच) क्षणात सुटतो. आपला ८ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर सुमारे ३५ अँपिअर देतो आणि दोषाच्या वेळी क्षणभर फार तर दुपटीच्या आसपास. सी प्रकारच्या ३२ अँपिअर एमसीबीला तत्काळ सुटण्यासाठी १६० ते ३२० अँपिअर लागतात. ते कधीच येत नाहीत; एमसीबी तसाच राहतो, इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि एका घरातल्या चुकीने चाळीस घरे अंधारात जातात. बी प्रकारचा १० अँपिअरचा एमसीबी ३० ते ५० अँपिअरला सुटतो, म्हणून घराच्या फांद्यांवर तो योग्य. गावाच्या शेवटच्या खांबावर, कोणी जवळ नसताना, दुरून चालवता येणाऱ्या स्विचने नियंत्रित दोष घडवून प्रत्यक्ष काय सुटते ते पाहावे. इन्व्हर्टर उत्पादकाची लेखी संमती मात्र आधी घ्यावी.

जनरेटरबाबत थोडक्यात. त्याला ३० टक्क्यांहून कमी भारावर तासन्‌तास चालवू नये, नाहीतर न जळलेले डिझेल धुराड्यात साचते. १० केव्हीएच्या, म्हणजे सुमारे ८ किलोवॅटच्या, यंत्राला निदान २.४ किलोवॅट भार मिळावा, आणि तो मिळावा म्हणून चार्जरचा प्रवाह त्यानुसार ठरवावा. बॅटरीची पातळी खाली गेल्यावर तो आपोआप सुरू होतो का, हे मर्यादा तात्पुरती वर उचलून तपासावे आणि एका युनिटमागे किती डिझेल लागले ते लिहून ठेवावे.

गावाच्या तारेवर

सातवी पायरी. ३५ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम एबी केबलवर (खांबांवरून नेलेली, आवरण असलेल्या तारांची जुडी) ६०० मीटर दूर २ किलोवॅट भार लावला तर जवळपास ९ व्होल्टची घट येते. २३० चे २२१ होतात. शेवटच्या घरात संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोजावे आणि २१६ च्या खाली जात असेल तर वाहिनी सुधारावी. प्रत्येक घरातला आरसीसीबी टेस्टरने तपासावा. त्याच्यावरचे बटण फक्त यंत्रणा हलते एवढेच सांगते. घराच्या अर्थचा जोड आहे की नाही, हे सांगत नाही.

पिठाची गिरणी हा स्वतंत्र विषय आहे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सातपट प्रवाह ओढते. गिरणी रात्री, बॅटरी अर्धी असताना, गावाचे दिवे चालू ठेवून सुरू करून पाहावी. दिवे मिणमिणले तर मोटर हळूहळू सुरू करणारे सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी हे उपकरण हवेच. आणि तोपर्यंत गिरणीची वेळ दुपारी ११ ते ३ ठेवावी. वापरमर्यादा आधीच सर्वांच्या संमतीने ठरलेली असावी. स्कॉटलंडमधील आयल ऑफ एग या बेटावर २००८ पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारे जाळे आहे आणि तेथे प्रत्येक घराला ५ किलोवॅटची, व्यवसायांना १० किलोवॅटची कमाल मर्यादा पाळली जाते. आपल्या वाडीत ती मर्यादा बरीच लहान असेल, पण ती सर्वांना सारखी असावी आणि ग्रामसभेत बायांसमोर ठरलेली असावी, कारण दिवसभराचा भार त्यांनाच ठाऊक असतो.

चालकाची परीक्षा

आठवी पायरी माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे. गावातले दोघे निवडावेत, त्यांपैकी शक्यतो एक बाई, कारण पुरुष हंगामात ऊसतोडीला किंवा बांधकामावर जातात. दोघांनाही उभारणीच्या दिवसांपासून सोबत ठेवावे. मग एका संध्याकाळी, आधी न सांगता, सर्व यंत्रणा पूर्ण बंद करावी आणि त्यांना ती एकट्याने उभी करायला सांगावी. अभियंत्याने दारात उभे राहावे, बोलू नये. क्रम भिंतीवर मराठीत, आणि गावात भिली, पावरी वा कोरकू बोलली जात असेल तर तिच्यातही, चित्रांसह लावलेला असावा. स्विचच्या पट्ट्यांवर रंग आणि क्रमांक असावेत. कुठे अडखळले त्याची नोंद करून पट्टी बदलावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा घ्यावी. दोघांनाही दोनदा जमले तरच हस्तांतराच्या कागदावर सही करावी.

त्यानंतर महिनाभर रोजचे सहा आकडे चालकाने वहीत लिहावेत : सकाळची व संध्याकाळची बॅटरी पातळी, दिवसाचे सौर उत्पादन, जलविद्युत उत्पादन, गावाचा वापर आणि जनरेटरचे तास. आकडे फोनवर मिळत असले तरी वही हवी, कारण वादळात पहिला बळी मोबाइलच्या टॉवरचा जातो.

शेवटची फेरी सप्टेंबरच्या अखेरीस ठेवावी, आणि कंत्राटातले शेवटचे दहा टक्के बिल तिच्यानंतरच द्यावे. वळवाच्या विजांनी सर्ज अरेस्टरची (विजेच्या लोळापासून यंत्रे वाचवणाऱ्या उपकरणाची) खिडकी लाल, म्हणजे निकामी झाल्याची खूण, केली आहे का, ओढ्याच्या जाळीत पालापाचोळा किती अडकतो आणि पूररेषा यंत्रघरापासून किती अंतरावर थांबली, हे तेव्हाच कळते. धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे लोकांनी श्रमदानातून उभा केलेला १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प २००३ साली सुरू झाला आणि २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने त्याचा घास घेतला. त्या लोकांच्या हातात पाण्याची पातळी नव्हती, पण आपल्या ओढ्यावर ती निदान मोजता येते. पूररेषेची खूण खडकावर ऑइलपेंटने करावी, तारीख लिहावी, माळांची ओली मेगर चाचणी पुन्हा घ्यावी, सर्व सेलचे आकडे मेच्या आकड्यांशेजारी नव्या रकान्यात भरावेत, आणि सुट्या भागांच्या पेटीत दोन आरसीसीबी, चार एमसीबी, एक सर्ज अरेस्टर, डीसी फ्यूज, जोडांच्या दोन जोड्या व डिस्टिल्ड वॉटरचे कॅन खरोखर आहेत का, हे चालकासोबत एकेक वस्तू हातात घेऊन पाहावे.